मालवणी माणसाला बोट लागत नाही

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकवलं असेल, त्याचा हिशोब बायकोने ठेवलाय. ती माणदेशातली, दहिवडीकडची. लग्न होऊन मालवणात येईपर्यंत तिने पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे गावचा पाझर तलाव, तोही पाऊस झाला तर. त्यामुळे समुद्राच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द माझाच. शिवाय मी तीस वर्षं हायस्कूलात भूगोल शिकवलाय. प्रत्यक्ष समुद्रप्रवास म्हणाल तर जेटीपासून सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत, म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर. पण तो शेकडो वेळा केलाय. सगळी बेरीज केली तर गोवा सहज येतं.

अडचण झाली ती मुलामुळे. त्याला नोकरीत कसलासा घसघशीत बोनस मिळाला आणि त्याने आम्हां दोघांची अंटार्क्टिकाची तिकिटं काढली. फेब्रुवारीतली. अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून जहाज सुटतं आणि बर्फाचं दर्शन होण्याआधी ड्रेक सामुद्रधुनी ओलांडावी लागते. केप हॉर्नपासून साउथ शेटलंड बेटांपर्यंत साधारण ८०० किलोमीटर, जवळजवळ दोन दिवस. जहाजाच्या माहितीपुस्तिकेत त्या दिवसांचं वेळापत्रक होतं. नाश्ता, पक्ष्यांवर व्याख्यान, जेवण, बुटांची सफाई, पुन्हा व्याख्यान. आणि तळाशी बारीक अक्षरात: ठिकठिकाणी कठड्याला कागदी पिशव्या खोचलेल्या असतील, प्रवाशांनी संकोच करू नये.

"या पिशव्या कशाला?" हिने विचारलं.

"इतरांसाठी," मी म्हणालो.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं वर्गात मी असंच चष्म्यावरून बघून पोरांची उत्तरं पकडली, त्यामुळे त्या नजरेचा अर्थ मला कळतो. "इतके पैसे भरलेत त्याने," ती म्हणाली, "आधी इथे एक दिवस समुद्रावर काढून बघू."

तालीम म्हणजे तालीम, अर्धवट काही करणं तिच्या स्वभावात नाही. अंटार्क्टिकावर बाहेरची माती किंवा बियाणं जाऊ नये म्हणून प्रवाशांचे खिसे, बॅगा, व्हेल्क्रोच्या पट्ट्यासुद्धा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून घेतात. आमच्या पडवीत तेच झालं. माझ्या खिशांतून सुपारीचं खांड, बडीशेप आणि मागच्या शिमग्यातली पावती निघाली. मोज्यांना तर आघाड्याची अख्खी शेती चिकटलेली. "तुम्हाला नुसतं उतरवलं तर दक्षिण ध्रुवावर रान माजेल," ती म्हणाली. मग बूट जंतुनाशकात बुडवून झाले. मग मुलाने पाठवलेला जाड जाकीट अंगात. डिसेंबर असला तरी मालवणातला डिसेंबर! जेटीवर पोचेपर्यंत मी आतून मोदकासारखा उकडलो होतो.

जेटीवर मांजर होतं. पेंग्विनापासून पाच मीटर लांब राहायचं, पेंग्विन आडवा आला तर माणसाने थांबायचं, रस्त्याचा हक्क त्याचा, असा तिकडचा नियम आहे. हिने मला मांजरावर सराव करायला लावला. मांजराला नियम ठाऊक नव्हता, ते थेट माझ्याच दिशेने आलं आणि माझ्या बुटाशी बसून अंग चाटू लागलं. गमबूट आणि बर्फाचा जाकीट घातलेला निवृत्त मास्तर मांजरासमोर हात बांधून उभा, हे दृश्य टोपल्या घेऊन बसलेल्या मासेवाल्या बायकांनी सविस्तर पाहिलं. संध्याकाळपर्यंत ते बाजारात पोचणार हे मला तेव्हाच कळलं.

होडीचा तांडेल माझा जुना विद्यार्थी निघाला. "सर, तुमी माका अक्षवृत्तांत नापास केलास," त्याने आल्या आल्या आठवण करून दिली. होडीत चढताना पुस्तिकेप्रमाणे मनगटाच्या वर एकमेकांचा हात पकडायचा असतो, खलाशी पकड म्हणतात तिला. मी हात तसा पुढे केला. खऱ्या खलाशाने मला काखेत धरून गोणीसारखा आत घेतला.

समुद्र तेलासारखा शांत होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला त्याचा काही उपयोग करता आला नाही.

किल्ला मागे पडला. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, हे मी हिला पुन्हा एकदा सांगितलं. इथवर मी तज्ज्ञ होतो. तिथून पुढेही जोर होता. गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास, किंचाळणारे साठ, ही दक्षिणेकडच्या वाऱ्यांची अक्षांशांवरून पडलेली नावं सांगितली. तिथे वाऱ्याला अडवायला फारशी जमीनच नाही, त्यामुळे तो पृथ्वीला गोल गोल फिरतो आणि लाटा घरांएवढ्या होतात, हे समजावलं. भारताची पहिली मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली आणि जानेवारीत अंटार्क्टिकावर उतरली, हे सांगितलं. "म्हंजे आमच्याच समोरसून गेली," तांडेल म्हणाला. त्याला एकाच गोष्टीत रस होता, तिथे मासे कसले. मी म्हटलं, बर्फमासा असतो, त्याच्या रक्ताला तांबडा रंगच नसतो, पाण्यासारखं रक्त.

तांडेल बराच वेळ विचारात पडला. "मग तेचा तिखला कसा लागता?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि नेमकं त्याच वेळी त्याने जाळं ओढायला इंजिन बंद केलं.

चालती होडी ही एक गोष्ट आहे आणि थांबलेली होडी ही अगदी दुसरी. चालती होडी कुठेतरी जात असते. थांबलेली होडी डावीकडे जाते, विचार करते आणि उजवीकडे येते. त्यात डिझेलचा वास, त्यात कालच्या बांगड्यांचा, त्यात जाकिटातला माझा स्वतःचा. कान सांगतो, आपण हलतोय. डोळे पायाखालच्या फळ्यांकडे बघून सांगतात, छे, सगळं जागच्या जागी आहे. या दोघांच्या भांडणात पोटाचा काही संबंध नसतो. तरी निकाल पोटच देतं.

"सर, खाली बघू नकात. किनाऱ्याक बघा," तांडेल म्हणाला. किनारा वर गेला. खाली आला. आवळासुपारी झाली, आलेपाक झाला, लिंबू झालं, आणि गेले त्याच क्रमाने उलटे परत आले. मी काठावर ओणवा. माझ्या वयाची साठी उलटलीय आणि त्या क्षणी मी जो आवाज काढला, त्यावरून वाऱ्यांना ते नाव ज्याने ठेवलं, त्याच्या घरीही कोणीतरी माझ्यासारखं असणार, अशी खात्री पटली.

"येवंदेत भायर," तांडेल मायेने म्हणाला, "माशांक पण जेवण होया."

मागून चुरचुर असा आवाज येत होता. खलाशांनी स्टोव्हवर ताजे बांगडे टाकले होते आणि माणदेशची लेक पाय पसरून, हातात ताटली घेऊन बसली होती. तिने काटा अलगद काढला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मीठ जरा कमी आहे." मग उठून, कशालाही न धरता, डुलत्या होडीतून चालत माझ्यापाशी आली आणि पाठीवरून हात फिरवू लागली. हाताला बांगड्याचा वास होता. मी पुन्हा ओणवा झालो.

दुपारी परतलो तेव्हा जेटीवर शेजारचे अण्णा उभे होते. "बोट लागली?" त्यांनी लांबूनच हाक मारली. त्यांना होडी धक्क्याला लागली का, एवढंच विचारायचं होतं.

"कधीच!" ही ओरडली. "धक्क्याला आत्ता लागतेय!"

मासेवाल्या बायका अजून तिथेच होत्या. मांजरही.

रात्री पेज जेवून आडवा झालो तर पलंग डावीकडे गेला, विचार करून उजवीकडे आला. मी खिडकीचा गज धरून ठेवला. मुलाचा फोन येऊन गेला होता, त्याला हिने काय सांगितलं ते मी विचारलं नाही. ही दिव्याखाली पुस्तिका वाचत होती. बऱ्याच वेळाने तिने पान उलटलं.

"अहो."

"काय?"

"यात लिहिलंय, परत येताना पण तिथूनच यायचंय."