चाळीस फुटांचा अजगर आणि पोत्यातली घोणस

परवा आत्याचा फोन आला. सोयाबीन काढणीला आलंय, पण एकही बाई रानात पाय ठेवायला तयार नाही. कारण भावकीच्या ग्रुपवर फिरणारा तो फोटो. जेसीबीच्या लांब दांड्याला लटकवलेला अजगर, मशीनच्या पलीकडं चार माणसं, बारकी बारकी. खाली मजकूर : "गोदावरीच्या पुरात गंगाखेडजवळ ४० फुटी अजगर निघाला. फॉरेस्टवाले दाबायलेत. त्याची पिल्लं रानोमाळ पसरलीत. जाड, ठिपक्यांचा साप दिसला की पोत्यात धरा, पिल्लाला विष नसतं."

आधी लांबी. कॅमेऱ्यापासून साप १० फुटांवर आणि माणसं ४० फुटांवर असतील, तर माणसांच्या मापानं मोजलेला साप चौपट भरतो. म्हणजे १० फुटी अजगर ४० फुटांचा! हे करायला कॉम्प्युटर लागत नाही, दांडा कॅमेऱ्याकडं वळवला की झालं. साप आणि माणूस एकाच रेषेत, शेजारी शेजारी असतील तरच मापाला अर्थ.

आणि ४० फूट म्हणजे किती, याचा तरी विचार करा. गिनीज बुकात नोंद झालेली पाळीव सापांतली सर्वांत लांब मादी, 'मेडुसा', २०११ साली मोजली तेव्हा ७.६७ मीटर भरली, म्हणजे २५ फुटांच्या किंचित वर. तीही आग्नेय आशियातल्या जाळीदार अजगराच्या जातीची, आपल्याकडची नव्हे. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालय संस्थेनं ३० फुटी जिवंत साप आणणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. ते वाढत वाढत ५० हजार डॉलरवर गेलं, तरी ते न्यायला कुणी आलं नाही.

अजगर आपल्याकडं आहेत, पुरात साप वाहून येतात, शेळीचं करडू अजगर गिळू शकतो. एवढं खरं आहे, मान्य. फॉरेस्टवाले कशासाठी दाबतील, ते मात्र मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पण माझा संताप त्या शेवटच्या ओळीवर आहे. आत्याच्या सालगड्याच्या पोरानं खरंच बांधावरनं एक 'पिल्लू' पोत्यात भरून आखाड्यावर आणलं. पोत्यातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा आत्यानं सर्पमित्राला बोलावलं. ती घोणस होती. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके; अजगराचे डाग वेडेवाकडे, ओबडधोबड असतात. पण सोळा वर्षांच्या पोरानं हा फरक पोतं हातात घेऊन ओळखायचा का? घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते आणि ती जन्मापासून विषारी असतात. तिच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, मूत्रपिंडं निकामी होतात. भारतात सर्पदंशानं माणसं मारणाऱ्या चार प्रमुख सापांत ती आहे, आणि हा मजकूर लेकरांना सांगतो की तिला हातानं धरा!

साप दिसला तर लांब उभं राहून वनविभागाच्या १९२६ ला फोन लावायचा. चावलाच तर चिरायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही, मांत्रिकाकडं तर जायचंच नाही. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठायचा, प्रतिविष तिथं मिळतं.

आत्या, बायकांना सांग, पायात बूट घाला, पेंढी उचलायच्या आधी काठीनं हलवून बघा आणि काढणी सुरू करा. आणि ज्यानं हा फोटो भावकीत टाकला, त्याला त्या पोराच्या आईसमोर बसव आणि ते पोतं दाखव.