खुलासा: जाळीच्या मॉडेलसाठी विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: 'गाडीच्या टपासारखा पत्रा अँटेना सिम्युलेशनमध्ये तारांच्या जाळीने दाखवायचा असेल, तर परवाना विकत घ्यावाच लागतो.' हे चूक आहे. नवशिक्यांनी यामुळे हात आखडता घेऊ नये, म्हणून हा खुलासा.

परवाना लागतो तो एनईसी-४ या इंजिनाला, म्हणजे अँटेनाचे गणित करणाऱ्या मूळ प्रोग्रामला. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८१ साली तयार झालेले एनईसी-२ सर्वांना खुले आहे. त्यावर चालणारे फोरनेकटू विंडोजवर, तर एक्सनेकटूसी लिनक्सवर मोफत मिळते. पूर्वी विकत मिळणारे ईझीनेकही २०२२ पासून फुकट आहे.

जाळी हाताने, एकेक तार टाकत विणावी लागत नाही. १.२ मीटर चौरस टप घ्या, घरे १० सेंटिमीटरची. इंजिनाला द्यायच्या फाइलमध्ये तार मांडणाऱ्या जीडब्ल्यू (GW) ओळीत १२ सेगमेंटची, म्हणजे गणितासाठी १२ तुकडे पाडलेली, एक तार लिहा, जीएम (GM) ओळीने तिच्या १२ प्रती सरकवा. मग आडव्या तारेसाठी तसेच. चार ओळींत ३१२ सेगमेंट तयार! १४५ मेगाहर्ट्झला हे पुरेसे बारीक आहे.

चूक होते ती दोन ठिकाणी. तारा सेगमेंटच्या टोकांवरच जुळल्या पाहिजेत. मधोमध नुसत्या छेदल्या तर इंजिन त्यांना जोडलेले मानत नाही. आणि तारेचा परीघ घराच्या बाजूइतका ठेवायचा, म्हणजे इथे त्रिज्या सुमारे १६ मिलिमीटर. केसासारखी बारीक तार टाकली की पत्र्याऐवजी विरळ जाळीचेच उत्तर मिळते, आणि दोष मात्र फुकट सॉफ्टवेअरवर ढकलला जातो.