जुन्या एअर रायफलीत तेल ओतून ताकद वाढत नाही

जुनी स्प्रिंगची एअर रायफल घरच्या घरी ‘दुप्पट ताकदीची’ करण्याचे पाच उपाय सांगणारा एक संदेश सध्या हातोहात फिरत आहे. छऱ्यामागे तेलाचे दोन थेंब सोडा, मिळेल ती सर्वांत जाड स्प्रिंग बसवा, चापाच्या आतला खटका कानशीने घासून चाप हलका करा, दट्ट्याच्या टोकाला असलेले, हवा कोंडणारे चामड्याचे वॉशर फेकून प्लॅस्टिकचे घाला आणि गंजलेली नळी पॉलिश पेपरने आरशासारखी करा, असे ते उपाय आहेत. असले संदेश मी एरवी सोडून देतो, पण माझ्या मेहुण्याने तो पाठवला तेव्हा सोबत “तेल कोणतं घेऊ?” एवढाच प्रश्न होता, म्हणजे बाकीचे सगळे त्याला आधीच पटलेले होते.

तेव्हा आधी तेलच घेऊ. संदेशकर्ता म्हणतो की निळसर धूर निघाला आणि मोठा आवाज झाला की रायफल ‘जागी झाली’ असे समजावे. प्रत्यक्षात घडते ते असे. चाप ओढताच सिलिंडरमधला दट्ट्या (पिस्टन) ताणलेल्या स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा इतक्या झटपट दाबली जाते की निर्माण झालेल्या उष्णतेला सिलिंडरच्या भिंतीत मुरायला वेळच मिळत नाही. 20 अंश सेल्सिअसची हवा अशा रीतीने वातावरणाच्या 100 पट दाबापर्यंत नेली, तर हिशेबाने तिचे तापमान 800 अंशांच्या वर जाते. त्यातली काही उष्णता निसटली तरी खनिज तेलाची वाफ पेटायला उरलेली पुरेशी होते. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते, पण ते अशा ज्वलनासाठीच घडवलेले असते. रायफलीचा दट्ट्या मात्र अजून पुढे येत असतानाच समोरचा भडका त्याला मागे फेकतो आणि उलगडत असलेल्या स्प्रिंगला उलटा तडाखा बसतो. यातून वेटोळी वाकतात, कधी स्प्रिंग तुटते आणि वॉशरची कड जळून काळी पडते. ‘जागी झालेली’ रायफल पुढे ढिली का पडली, याचे उत्तर बहुधा त्या जळक्या कडेतच सापडते.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. एअरगनच्या अंतर्गत क्रियेचा चिकाटीने अभ्यास करणाऱ्या ब्रिटनमधील कार्ड्यू पिता-पुत्रांनी स्प्रिंगची रायफल नायट्रोजनच्या वातावरणात चालवून पाहिली होती. नायट्रोजनमध्ये काही जळू शकत नाही, आणि छऱ्याचा वेग तेव्हा ठळकपणे उतरला. म्हणजे दमदार रायफलीच्या नेहमीच्या बारातही वंगणाचा सूक्ष्म अंश जळतो आणि त्याचा वेगाला हातभार लागतो, हे खरे आहे. पण त्याच अभ्यासाने हे नियंत्रित ज्वलन आणि कानठळ्या बसवणारा स्फोट या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. ज्वलनाला लागणारे इंधन दट्ट्यावरच्या वंगणाच्या पुसट थरातूनच मिळते. वरून ओतलेले तेल प्रत्येक बाराला वेगवेगळ्या प्रमाणात पेटते, त्यामुळे वेग दर वेळी बदलतो आणि लक्ष्यावरचे छरे वरखाली विखुरतात. चामड्याचे वॉशर कोरडे पडले असेल तर त्याला तेल लागते, हेही खरे. मात्र ते वॉशर मऊ ठेवण्यापुरते असते, बाराचे इंधन म्हणून नव्हे. सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्या काही बारांना थोडा धूर येतो, तो जादा वंगणाचा असतो आणि आपोआप थांबतो.

खटका घासण्याचा सल्ला मात्र मूर्खपणाच्या पलीकडचा आहे. ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा जोर पेलून दट्ट्याला अडवून धरणारी ती एक बारीक कड असते. जुन्या रायफलींत अनेकदा या कडेचा फक्त वरचा पातळ थर कठीण केलेला असतो. कानस फिरली की तो जातो आणि खालचे मऊ पोलाद उघडे पडते. चाप हलका लागतो, मालक खूश होतो, आणि काही दिवसांत ती कड गोल झिजते. मग नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून, छर्रा भरत असताना खटका सुटला तर नळी जोराने मिटते, आणि त्या वेळी माणसाची बोटे नेमकी तिथेच असतात. ज्या रायफलींत छर्रा भरण्यासाठी सिलिंडरच मागे सरकतो, त्यांत अशा वेळी बोट तुटू शकते. छर्रा भरताना एका हाताने नळी किंवा स्प्रिंग ताणण्याचा लीव्हर घट्ट धरून ठेवण्याचा नियम याचसाठी आहे, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

जाड स्प्रिंगचा हिशेब कागदावर मांडला तरी कळतो. समजा तार 3.2 मिलिमीटरची आणि वेटोळी 32 आहेत, तर पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगची लांबी 102.4 मिलिमीटर होईल. दट्ट्या मागे खेचल्यावर आत जागा 100 मिलिमीटरच असेल, तर खटका अडकण्याआधीच वेटोळी एकमेकांना भिडतील आणि आणखी जोर लावला तर लीव्हर वाकेल. जागा पुरली तरी हवा तेवढीच राहते, कारण सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव बदललेली नसते. वाढतो तो मुख्यतः धक्का. जुनी स्प्रिंग ओढून लांब करणे तर निव्वळ वाया, ती लवकरच पुन्हा आखूड होते. शिवाय बार न भरताही स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच असते, त्यामुळे स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) मागचा भाग सोडवला तर तो थेट तोंडावर येऊ शकतो.

वॉशरबद्दल एवढेच की सिलिंडर आतून गुळगुळीत असेल तर नवे सिंथेटिक सील चांगले चालते, खरखरीत जुन्या सिलिंडरला चामडेच जास्त मानवते. गंज तेल आणि बारीक स्टील वूलने निघतो. पॉलिश पेपरने गंजाबरोबर कोरलेली अक्षरेही जातात आणि संग्राहकाच्या लेखी वस्तूची किंमतही.

राहिली ताकद, जी हा संदेश पत्र्याच्या डब्याला पडलेल्या भोकावरून मोजायला सांगतो. ती क्रोनोग्राफने, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने, मोजावी. 0.94 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा 13.6 ज्यूल होते आणि 190 मीटरला ती 17 ज्यूलवर जाते. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलीची मर्यादा 12 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 16.3 ज्यूल आहे. तिथे तेलाच्या एका भडक्याने ती ओलांडली जाऊ शकते. जुनी रायफल नीट लागली आहे की नाही, हे सलग दहा बारांच्या वेगांत किती कमी फरक पडतो त्यावरून ठरते, सर्वांत मोठ्या आकड्यावरून नव्हे.