नाव गाडीचं, पण सायकल कोणाची?

तुमची कमेंट नीट वाचली आणि तिला दोन ओळीत उत्तर देणं बरं वाटेना म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं, की कार कंपन्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सायकलींना मी उगाच नाक मुरडतोय, कारवाले मुळात सायकलीच बनवायचे, आणि तुमचा भाचा एका कार कंपनीचं नाव बघून का होईना सायकलवर बसला ना, मग तक्रार कसली.

इतिहासाचं एकदम मान्य. प्यूजोच्या सायकली १८८२ च्या, ओपेलच्या १८८६ च्या, आणि आजच्या स्कोडाची सुरुवात म्हणजे १८९५ मध्ये लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी काढलेला सायकलचा धंदा. पण ही माणसं सायकल स्वतः बनवत होती हो! आता बऱ्याचदा कार कंपनी फक्त नावाचं लायसन्स देते, सायकल बनवणारा तिसराच असतो, आणि ते नाव बघून पैसे मोजणाऱ्या पोराला वाटतं की गाडी बनवणाऱ्या इंजिनिअर लोकांनीच हिच्यावर डोकं लावलंय.

आता लायसन्सवाली प्रत्येक सायकल भंगार असते असं मी म्हणत नाहीये. हमर या गाडीच्या नावाने विकली गेलेली फोल्डिंग सायकल माँटेग्यू या सायकल कंपनीची होती, मूळ डिझाइन पॅराट्रूपर्ससाठीचं (विमानातून उडी मारणारे सैनिक), मोठी चाकं ठेवून फ्रेम दुमडणारी, म्हणजे नावामागे खरंच काहीतरी होतं. आणि लोटस या कार कंपनीने तर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकसाठी सायकल डिझायनर माइक बरोज यांच्या कल्पनेवर काम करून कार्बनची सायकल बनवली, तिच्यावर ब्रिटिश सायकलपटू क्रिस बोर्डमनने ४००० मीटर परस्यूटमध्ये (ट्रॅकवरची पाठलागाची शर्यत) गोल्ड मारलं. अशा ठिकाणी नाव खुशाल लावा, ते कमावलेलं आहे.

माझा राग आहे तो स्वस्तातल्या फ्रेमवर गाडीसारखा रंग, जाडजूड नळ्या आणि पुढे-मागे शॉकअप लावून जे विकतात त्याच्यावर. त्या पुढच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारी सोय नसतेच, त्यामुळे तो खड्ड्यात दबतो आणि तसाच उसळून हातावर येतो, वर एकट्या फोर्कचंच वजन अडीच किलोच्या आसपास. चढावर उभं राहून पेडल मारलं की पायातला जोर चाकाकडे जायच्या आधी स्प्रिंगा दाबण्यात जातो. मागच्या हबवर (चाकाचा मधला भाग) आटे असलेलं फ्रीव्हील, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवलेला गिअरच्या चकत्यांचा संच, असेल तर अजून एक भानगड, त्यात उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत बसतं, अ‍ॅक्सलचा (चाकाचा मधला दांडा) मोठा तुकडा आधाराशिवाय राहतो आणि जोरात उड्या मारल्या की तो वाकतो किंवा सरळ तुटतो. कॅसेटवाल्या हबमध्ये (यात गिअरच्या चकत्या हबवर नुसत्या सरकवून बसवतात) बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला असतं म्हणून तो टिकतो. स्टिकरवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

आणि कंपनीला पोरं हवीत यात मला काही वावगं वाटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला कार विकता येत नाही पण नाव आत्तापासून डोक्यात बसवता येतं, धंदा म्हणून ते ठीकच आहे. पण त्या मुलाला पहिल्याच चढावर दम लागला, शेजारून साधी बिनशॉकअपची सायकल आरामात पुढे गेली, तर तो सायकलला दोष देत नाही, आपल्यातच दम नाही असं धरून चालतो आणि सायकलिंगच सोडतो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण असा सुटलेला मुलगा परत सहसा येत नाही.

तुमच्या भाच्याची सायकल मी बघितलेली नाही, ती चांगली असूही शकते. मागच्या चाकाचा गिअरच्या बाजूने जवळून फोटो टाका, फ्रीव्हील आहे की कॅसेट ते सांगतो. आणि शॉकअपला लॉकआउट (शॉकअप हलू न देणारी कळ) असेल तर रस्त्यावर चालवताना ते लावून शॉकअप बंद ठेवायला सांगा त्याला, लगेच फरक कळेल.