निमंत्रण पाठवलं, मग यादीत नाव का नाही?

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. गिटहबवरच्या (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती साइट) टीमची प्रलंबित, म्हणजे अजून न स्वीकारलेली, निमंत्रणं नुसती यादीत दाखवणाऱ्या आमच्या टूलला इतकं लांबलचक डॉक्युमेंटेशन (वापराची माहिती देणारं पान) कशाला? तुम्ही तीन जणांना टीममध्ये घातलंत आणि प्रलंबित निमंत्रणांत एकच नाव आलं, म्हणजे दिलेली माहिती चुकीची. आणि स्क्रीनशॉट एकही नाही.

स्क्रीनशॉटचं आधी उरकतो. कमांड लाइनचं आउटपुट मजकूर म्हणून दिलं की कॉपी करता येतं, शोधता येतं, बदललं तर एक ओळ दुरुस्त करून भागतं. ते तसंच राहील.

आता तीनपैकी एकच नाव का आलं ते बघू, कारण तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तरही त्यातच आहे. हे टूल गिटहबच्या एपीआयकडून (प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या सोयीकडून) एका टीमची प्रलंबित निमंत्रणं मागवतं. टीममध्ये घातलेली व्यक्ती आधीपासून ऑर्गनायझेशनची (टीम ज्यात असतात ते गिटहबवरचं संस्थेचं खातं) सदस्य असेल, तर निमंत्रण निघतच नाही. ती त्याच क्षणी टीममध्ये दाखल होते. निमंत्रण जातं ते फक्त ऑर्गनायझेशनच्या बाहेरच्या माणसाला. तुमच्या तिघांपैकी दोघे जुने सदस्य असतील, तर प्रलंबित यादीत एकच नाव येणं बरोबर आहे. पानावर हे होतं, पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. ती चूक माझी. आता ते पहिल्याच परिच्छेदात घेतलं आहे.

नाव न दिसण्याचं दुसरं कारण मुदत. निमंत्रण ७ दिवसांत स्वीकारलं नाही की बाद होतं आणि प्रलंबित यादीतून जातं. ते कुठे गेलं हे बघायला फसलेल्या निमंत्रणांची वेगळी यादी आहे. तिच्यात फसल्याची वेळ आणि कारण दोन्ही मिळतं. मात्र ती यादी टीमनिहाय नसून अख्ख्या ऑर्गनायझेशनची असते, त्यामुळे तिथे नाव शोधावं लागतं. मुदत मोजताना वेळेकडेही नीट बघा. निमंत्रणाची वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे असेलच असं नाही. समजा, १ मार्चला २१:४० यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेनुसार) पाठवलेलं निमंत्रण ८ मार्चला २१:४० यूटीसीपर्यंत चालतं. तुमचं घड्याळ यूटीसीच्या तीन-चार तास पुढे असेल, तर तुमच्याकडे तेव्हा ९ मार्च उजाडलेला असतो. तारखेवरून तारीख वजा केली की एका दिवसाचा घोळ होतो तो इथे.

तिसरं कारण फसवं आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. ईमेलवर पाठवलेल्या निमंत्रणाच्या ओळीत ईमेल असतो, भूमिका असते, कोणी बोलावलं तेही असतं, पण लॉगिनच्या (गिटहबवरच्या वापरकर्ता-नावाच्या) जागी नल, म्हणजे रिकामी किंमत, येतो. ही यादी लॉगिनवरून चाळणाऱ्या किंवा दुसऱ्या यादीशी जुळवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अशा ओळी गुपचूप गळून पडतात. जुळवणी निमंत्रणाच्या आयडीवर (प्रत्येक निमंत्रणाच्या स्वतंत्र क्रमांकावर) करा. निमंत्रण रद्द करायलाही तोच आयडी लागतो. आणि रद्द करायची सवय ठेवा, कारण पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये प्रलंबित निमंत्रणही एक सीट (एका सदस्याची जागा) अडवून बसतं.

एपीआयचं उत्तर पानापानांत येतं, तो प्रश्नही आहेच. एपीआय एका वेळी ३० नोंदी देतो, मागितल्या तर जास्तीत जास्त १००. पुढचं पान आहे का, हे उत्तरासोबत येणाऱ्या लिंक हेडर नावाच्या ओळीवरून कळतं. टूल सगळी पानं स्वतः आणतं. तुम्ही एपीआय थेट वापरत असाल तर ते तुम्हालाच करावं लागेल. बरोब्बर ३० ओळी आल्या की शंका घ्या.

एका बाबतीत तुमची ‘माहिती चुकीची’ ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. टोकनला (एपीआयला दाखवायच्या गुप्त किल्लीला) पुरेशी परवानगी नसली, तर गिटहब बऱ्याचदा ४०३ (मनाई) हा कोड न देता ४०४ (सापडलं नाही) देतो, म्हणजे टीम अस्तित्वातच नाही असं भासतं. टीमचं नाव बदललं की तिचा स्लगही (पत्त्यात वापरलं जाणारं तिचं नाव) बदलतो आणि जुन्या स्लगवरही ४०४च येतो. आमचं टूल या ४०४ला रिकामी यादी समजून ‘० निमंत्रणं’ छापत होतं. हा टूलचा दोष होता, आणि तो पानावर नोंदवलेला नव्हता. आता अशा वेळी टूल चूक दाखवून थांबतं. शून्य छापलं जातं ते फक्त २०० (सगळं ठीक) या कोडसोबत खरोखर रिकामी यादी आली तरच.

म्हणून पान लांब आहे. कमांड चालवायची कशी, हे सांगायला दोन ओळी पुरतात. उरलेला सगळा मजकूर न दिसलेल्या नावांचा हिशोब लावण्यासाठी आहे.

तुम्ही एवढं करून बघा: उरलेली दोन नावं टीमच्या सदस्यांच्या यादीत शोधा. तिथे नसतील तर फसलेल्या निमंत्रणांत बघा. तिथेही नसतील, तर कमांड, टीमचा स्लग आणि उत्तराचा स्टेटस कोड (२००, ४०४ वगैरे) इथेच खाली लिहा. टोकन मात्र चुकूनही चिकटवू नका.