फाइल मॅनेजरचं अपडेट बंद करायला सांगणारा तो मेसेज

‘नुसतं “बग फिक्सेस अँड इम्प्रूव्हमेंट्स” लिहिलेलं अपडेट म्हणजे धूळफेक. फाइल मॅनेजर फक्त फोल्डर दाखवतो, त्याला कसली आलीय सुरक्षा? अपडेट देऊन मशीन मुद्दाम स्लो करतात, वर फाइली उडतात. आजच अपडेट बंद करा.’ हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. माझ्या मामांनी तो वाचून खरंच अपडेट बंद केलं, आणि घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं त्यांच्याच मशीनवर आहेत. आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक वाक्य ‘फक्त फोल्डर दाखवतो’ हे. फोल्डर उघडला की फाइल मॅनेजर आतल्या फाइलींचे प्रकार ओळखतो, आयकॉन शोधतो, फोटोंचे थंबनेल म्हणजे छोटी चित्रं बनवतो. म्हणजे तुम्ही कशावरही क्लिक करण्याआधी त्याने अनोळखी फाइल वाचायला घेतलेली असते. २०१० साली सापडलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम याच वाटेने पसरला. पेनड्राइव्हवरच्या शॉर्टकट फाइलचा आयकॉन विंडोज एक्सप्लोररने, म्हणजे विंडोजच्या फाइल मॅनेजरने, नुसता दाखवायला घेतला, की घातक कोड चालायचा. डबल क्लिकची गरजच नव्हती. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी २ ऑगस्ट २०१० रोजी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर तातडीचं अपडेट काढलं. यात धूळफेक कुठे दिसते, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या डॉल्फिन नावाच्या फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरचा आयकॉन कोणता, हे ‘.directory’ (डॉट डिरेक्टरी) नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये लिहिता येतं. २०१९ मध्ये उघड झालं, की त्या आयकॉनच्या ओळीत आयकॉनच्या नावाऐवजी कमांड लिहून ठेवली तर तीही चालते. डाउनलोड केलेली झिप सोडवून फोल्डर उघडला, खेळ खलास. केडीईने ती सोयच काढून टाकली.

मशीन मुद्दाम स्लो करण्याचा आरोप निराधार आहे. मेसेजमध्ये त्याला एका ओळीचा पुरावा नाही. मोठ्या अपडेटनंतर सर्चची सूची नव्याने बनत असेल तर मशीन काही वेळ जड चालतं, इतकंच.

फाइली उडाल्याची गोष्ट मात्र पूर्ण खोटी नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट काहींच्या फाइली घेऊन गेलं. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखा फोल्डर दुसरीकडे वळवला होता, पण जुन्या जागी फाइली तशाच ठेवल्या होत्या, त्यांचा तो जुना फोल्डर आतल्या फाइलींसकट पुसला गेला. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. पण ते सहामाही मोठं अपडेट होतं, बग फिक्स नव्हे. ती चूक सुधारली तीही अपडेटनेच. यावरून धडा घ्यायचा तर बॅकअपचा घ्या. मोठं अपडेट थोडे दिवस थांबून घेतलं तरी चालेल, सुरक्षेचं अपडेट अडवू नका.

राहिला त्या मोघम ओळीचा राग. तो रास्त आहे. केडीई आणि ग्नोम (लिनक्सवरचा आणखी एक डेस्कटॉप) यांच्या प्रकल्पांत कोणता दोष कुठे दुरुस्त केला, हे कुणालाही वाचता येतं. कंपन्यांनीही ‘दुसऱ्या ड्राइव्हवर मूव्ह करताना कॉपी अर्धवट राहिली तरी मूळ फाइल डिलीट व्हायची, ते थांबवलं’ इतक्या साध्या शब्दांत लिहावं. तशी मागणी करणारा मेसेज कुणी पाठवला, तर मी स्वतः तो पुढे पाठवीन.