लाल चौकट आली? आधी फुली मारा, मग घाबरा

बेळगावातलं डीटीपीचं, म्हणजे कंप्यूटरवर पत्रिका-पाट्या जुळवण्याचं दुकान, आणि लग्नसराई ऐन भरात. टेबलावर पत्रिकांच्या प्रुफांचा ढीग, दारात खानापूरहून आलेले वरबाप, आणि नेमकी तेव्हाच स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसची चौकट उगवते: धोका सापडला. अशा वेळी चौकटीत काय लिहिलंय ते वाचत बसायचं नाही. आधी फुली मारायची, मग घाबरायचं. क्रम चुकला तर धोक्याचं नाव, फाइलचा पत्ता असल्या फालतू गोष्टी नजरेला पडण्याची भीती असते.

फुली मारली तरी विंडोज सिक्युरिटीतल्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त हे सगळं जपून ठेवलेलं असतं. कुठली फाइल, कुठल्या फोल्डरात, किती वाजता सापडली, काढून टाकली की नुसती क्वारंटाइनमध्ये अडकवून ठेवली. क्वारंटाइनमधली फाइल परतही आणता येते. म्हणून तिकडे फिरकूच नका.

आता मदत मागा. विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबलं की स्क्रीनचा स्वच्छ तुकडा कापून मिळतो, पण त्यात मजा नाही. मोबाइलने फोटो काढा, तिरका, ट्यूबलाइटचा पट्टा बरोबर फाइलच्या नावावरून जाईल असा. कडेला अंगठा येऊ द्या. मग तो फोटो पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याला, शाळेच्या ग्रुपवर, गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर आणि टोनर भरून देणाऱ्या पोराला एकदमच पाठवा. खाली लिहा, 'अर्जंट. व्हायरस आलाय. काय करू?' चौघं चार उपाय सांगतील. चारही अर्धेअर्धे करा आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळू देऊ नका. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेवढा धीर आपल्याकडे आहेच. पण भाच्याने दोन मिनिटांत उत्तर दिलं नाही तर लगेच दोन प्रश्नचिन्हं पाठवा.

"मामा, फाइलचं नाव काय आहे?"

"लाल आलंय बघ की रे."

"ते कळलं. कुठल्या प्रोग्रामची फाइल?"

"मी काहीच केलेलं नाही."

हे शेवटचं वाक्य पाठच करून ठेवा. काल रात्री कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम बसवला होता, ही गोष्ट पाचव्या फोनच्या आधी तोंडातून निघता कामा नये.

त्या प्रोग्रामचा गुन्हा काय, हेही विचारू नका. नाहीतर कळेल की तो बिचारा कामच तसलं करतो. बेळगावात डीटीपीवाल्याला सकाळी मराठी पत्रिका, दुपारी इंग्रजी बिलबुक आणि संध्याकाळी ६० टक्के कन्नड असलेली पाटी करावी लागते. टायपिंगचा प्रोग्राम तुम्ही दाबलेली प्रत्येक की कोरल या डिझाइनच्या प्रोग्रामपर्यंत पोचायच्या आधी ऐकतो आणि तिच्या जागी 'क' किंवा 'ಕ'च्या जातीचं अक्षर सरकवतो. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही प्रत्येक की अशीच ऐकतो. त्यात हा कुणीतरी हौसेने लिहिलेला, म्हणजे डिजिटल सही नाही. साइज कमी करायला यूपीएक्स नावाच्या साधनाने आवळलेला, म्हणजे आतलं काही दिसत नाही. जगात मोजक्याच मशीनवर असलेला, म्हणजे ओळखणारं कुणी नाही. मध्यरात्री बोचकं बांधून, ओळखपत्राशिवाय, दाराला कान लावून बसलेल्या पाहुण्यावर वॉचमन ओरडणार नाही तर काय करेल?

धोक्याच्या नावाच्या शेवटी 'एमएल' असलं तर तो मशीन लर्निंगने बांधलेला अंदाज असतो. 'जेन' किंवा 'ह्युर' असलं तरी नेमकी ओळख पटलेली नसते, सारखेपणावरून किंवा लक्षणांवरून संशय असतो. तुम्ही मात्र 'ट्रोजन' एवढंच वाचा आणि मशीन फॉरमॅटला द्या. अंदाज मोठमोठ्यांचे चुकतात. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या ५९५८ नंबरच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस ठरवली आणि मशीनं पुन्हापुन्हा रिस्टार्ट होत बसली. म्हणून जाणते आधी डेफिनिशन, म्हणजे व्हायरस ओळखायची यादी, अपडेट करून पुन्हा स्कॅन करतात. पण त्याला पाच मिनिटं लागतात, आणि फॉरमॅटला फक्त दीड दिवस.

कुणी व्हायरसटोटल, म्हणजे एकच फाइल अनेक स्कॅनरांकडून तपासून देणारी साइट, सुचवलं तर फाइल सरळ तिथे चढवा. विंडोजमधल्या 'सर्टयुटिल'ने फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा, काढून ती ६४ अक्षरं नुसती शोधली तरी चालतं, फाइल घराबाहेर जात नाही. पण मग गुपितं जगाला कशी कळणार? तिथे चढवलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते, म्हणून गिऱ्हाइकाची आधारकार्डं असलेली झिप आधी चढवा. निकालात सत्तरेक स्कॅनरांपैकी दोघांनी, तेही वेगवेगळ्या मोघम नावांनी बोट दाखवलं तर बोंब ठोका. चाळीस जणांनी व्हायरसच्या एकाच घराण्याचं नाव घेतलं तर म्हणा, "मशीनचं काय खरं असतंय ओ?" आणि शून्य आलं तर फाइल गंगेत न्हाली समजा. कालच जन्मलेल्या व्हायरसलाही शून्य येऊ शकतं, तो भाग वेगळा.

एका ठिकाणी मात्र तुमचा भरवसा अढळ असावा: फुकटात मिळालेल्या कोरलच्या क्रॅकवर, म्हणजे लायसन्स फोडून चालवलेल्या कॉपीवर. सोबतच्या रीडमीत पहिलीच ओळ असते, 'अँटिव्हायरस बंद करा'. असं सांगणारा माणूस तुमच्या भल्याशिवाय दुसरं काय बघणार? इथे अलार्म खोटाच. एक फाइल मोकळी करण्यापेक्षा अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे 'इथे तपासू नको'च्या यादीत घाला, म्हणजे पुढे खरा चोर आला तरी वॉचमन हूं की चूं करणार नाही.

आणि असला मेसेज चुकूनही कुणाला पाठवू नका:

'विंडोज ११, डिफेंडर, डेफिनिशन आजच अपडेट. काल रात्री ९ ला पेनड्राइव्हवरून टायपिंगचा प्रोग्राम बसवला. आज ११:२० ला डिफेंडरने त्याची एक्सई क्वारंटाइन केली. धोक्याचं नाव, फाइलचा पूर्ण पत्ता आणि हॅश खाली टाइप केलाय. हॅश शोधला, ७१ पैकी २ जण धोका म्हणतात. मूळ लेखकाच्या साइटवरून पुन्हा उतरवली, तिचा हॅश वेगळा आला. फाइल अजून परत आणलेली नाही. पेनड्राइव्हवरची बदललेली आहे का, हे कसं तपासू?'

असा मेसेज गेला तर भाचा एका वाक्यात उत्तर देईल: पेनड्राइव्हवरची टाकून दे, साइटवरची स्कॅन करून वापर, तीही पकडली तर मायक्रोसॉफ्टला 'चुकून पकडली' म्हणून पाठव. संपलं. मग रात्री साडेअकराला फोन करून तासभर बोलायला विषयच उरणार नाही.

काम झाल्यावर चारही ठिकाणी लिहा, 'झालं'. कसं झालं असं कुणी विचारलंच, तर लिहा, 'आपोआप'.